‘खाल्लं नाही’, पण कॉफी घेतली: इंग्रजीत प्रश्न विचारायला शिकताना

परळमधल्या एका जुन्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर शनिवारी संध्याकाळी मी इंग्रजी बोलण्याचा वर्ग घेते. वर्ग म्हणजे दहा-बारा जण, चार बाकं, एक फळा आणि पंखा लावला की उडणारे कागद. त्यात भांडुपहून येणारी एक ताई आहे. रक्त तपासणीच्या एका लॅबमध्ये ती काउंटरवर बसते आणि रक्तही घेते. पावसाळ्यातल्या एका शनिवारी ती आली तीच तोंड पाडून.

झालं होतं असं की त्या सकाळी एक तमिळ आजोबा उपाशीपोटीची साखर तपासायला आले. मुलाकडे राहायला आलेले, मराठी येत नाही, हिंदी येत नाही; दोघांमध्ये सामाईक काय, तर मोडकंतोडकं इंग्रजी. हिने विचारलं, ‘‘यू एट समथिंग?’’ आजोबा म्हणाले, ‘‘नो, नो.’’ हिने रक्त घेतलं. दंडावर कापूस दाबून बसल्या बसल्या आजोबांनी सहज सांगितलं की घरून निघण्याआधी फिल्टर कॉफी तेवढी घेतली होती, दोन चमचे साखर घालून.

या तपासणीआधी निदान आठ तास पाण्याशिवाय काही घ्यायचं नसतं. म्हणजे नमुना फुकट, आजोबांना दुसऱ्या दिवशी पुन्हा हेलपाटा, आणि हिला वरून बोलणी.

आजोबा खोटं बोलले नव्हते. त्यांनी खाल्लं काहीच नव्हतं. आपल्याकडे तरी चहाला कोण ‘खाणं’ म्हणतं? चहा आपण ‘घेतो’. ‘सकाळपासून अन्नाचा कण नाही पोटात’ म्हणणाऱ्याचे दोन कप झालेलेच असतात.

ताईने मला विचारलं, ‘‘मॅडम, माझं ग्रामर चुकलं म्हणून असं झालं का?’’

ग्रामर चुकलं होतं हे खरं. ‘डिड यू ईट एनीथिंग?’ असं हवं होतं. पण तिने हे बिनचूक वाक्य म्हटलं असतं तरी आजोबा ‘नो’च म्हणाले असते. चुकली होती ती प्रश्नाची जात. ‘व्हॉट डिड यू लास्ट ईट ऑर ड्रिंक, अँड व्हेन?’ म्हणजे शेवटचं काय खाल्लं-प्यायलं आणि कधी, असं विचारलं असतं तर कॉफी आपणहून बाहेर आली असती.

२०२५ च्या जूनमध्ये पहिलीपासून हिंदी शिकवावी की नाही यावर महाराष्ट्रात रण माजलं आणि महिनाअखेरीस सरकारने निर्णय मागे घेतला. कुठली भाषा, कितवीपासून, सक्तीने की ऐच्छिक, यावर सगळे बोलले. इंग्रजी मात्र मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच आहे. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुलं तिशी ओलांडून गेली. त्यांतली कितीतरी मुलं इंग्रजी वाचतात, फॉर्म भरतात, साहेबाचा ईमेल समजून घेतात. पण समोरच्या माणसाला एक प्रश्न विचार म्हटलं की अडतात. याचं मला नवल वाटत नाही. वर्गात प्रश्न नेहमी बाईंनी विचारले आणि पोरांनी उत्तरं दिली. परीक्षेत फार तर ‘अधोरेखित शब्द उत्तरात येईल असा प्रश्न तयार करा’. म्हणजे उत्तर आधीच छापलेलं. ज्याचं उत्तर ठाऊक आहे त्याचा प्रश्न करायचा सराव झाला. ज्याचं उत्तर खरंच हवंय तो प्रश्न कधी विचारलाच नाही.

मेथी आहे का, आणि भाजी काय काय आहे?

दादरला भाजीवाल्या मावशींना तुम्ही दोन तऱ्हांनी विचारू शकता. ‘मेथी आहे का?’ म्हटलं तर ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर येतं. ‘आज पालेभाजी काय काय आहे?’ म्हटलं तर मेथी, शेपू, लाल माठ, आणि वर ‘अंबाडी घेऊन जा, आजच आलीय’ हेसुद्धा.

पहिला बंद प्रश्न. त्याच्या उत्तराची चौकट विचारणाऱ्यानेच ठरवलेली असते: हो की नाही, हे की ते. दुसरा मोकळा प्रश्न. तिथे उत्तर कुठवर न्यायचं हे सांगणारा ठरवतो. शाळेत यांनाच ‘व्हर्बल क्वेश्चन’ आणि ‘डब्ल्यूएच क्वेश्चन’ म्हणायचे. त्या नावांनी रचना कळते, पण कुठला कधी वापरायचा ते कळत नाही, म्हणून मी ‘बंद’ आणि ‘मोकळा’च म्हणते. सगळेच प्रश्न या दोन कप्प्यांत चपखल बसतात असंही नाही. ‘किती वाजले?’ दिसायला मोकळा आहे, पण त्याचं उत्तर एकच आकडा. ‘जेवलात का?’ दिसायला बंद आहे, पण त्यावर अर्धा तास गप्पा होतात.

मराठीत एका ‘का’वर भागतं

‘तुम्ही दमलात.’ याचा बंद प्रश्न करायचा तर शेवटी ‘का’ चिकटवला की काम झालं: ‘तुम्ही दमलात का?’ शब्द जिथल्या तिथे. मोकळ्या प्रश्नालाही फारशी उलथापालथ नाही. ‘तुम्ही ठाण्याला राहता’ यातलं ‘ठाण्याला’ काढून तिथे ‘कुठे’ ठेवलं, झाला प्रश्न.

गंमत म्हणजे हा ‘का’ दोन नोकऱ्या करतो. ‘तू येतोस का?’ हा बंद प्रश्न. ‘तू का येतोस?’ हा मोकळा, आणि जरा टोचणारा. एक अक्षर दोन शब्दांच्या मध्ये सरकलं आणि प्रश्नाची जात बदलली. म्हणजे शब्दाच्या जागेवरून अर्थ बदलणं आपल्याला मुळीच परकं नाही. इंग्रजीचा सगळा खेळ तोच आहे, फक्त जागा वाक्याच्या सुरुवातीची.

चर्चगेटला गाडी वळवत नाहीत

चर्चगेटला लोकल लागली की तिला कुणी फिरवून तोंड उत्तरेला करत नाही. डबे तेच, रूळ तेच. गाडी चालवायची केबिन तेवढी बदलते: मागची पुढची होते आणि तीच गाडी विरारकडे निघते.

इंग्रजी विधानाचा प्रश्न असाच होतो. ‘यू आर टायर्ड’ हे विधान. यातलं ‘आर’ उचलून कर्त्याच्या पुढे ठेवलं: ‘आर यू टायर्ड?’ तसंच ‘शी कॅन स्विम’चं ‘कॅन शी स्विम?’ आणि ‘दे हॅव लेफ्ट’चं ‘हॅव दे लेफ्ट?’ एकही शब्द वाढला नाही. जो शब्द उडी मारतो त्याला साहाय्यकारी क्रियापद म्हणतात. शाळेतलं ‘हेल्पिंग व्हर्ब’. इथून पुढे मी त्याला नुसतं ‘मदतनीस’ म्हणणार आहे.

मोकळ्या प्रश्नात या सगळ्याच्या पुढे प्रश्नशब्द येतो: ‘व्हाय आर यू टायर्ड?’ आधी प्रश्नशब्द, मग मदतनीस, मग कर्ता. आपली हमखास चूक इथेच होते, कारण मराठी जिभेला प्रश्नशब्द आला की काम झाल्यासारखं वाटतं. म्हणून आपण ‘व्हाय यू आर टायर्ड?’ म्हणून मोकळे होतो. इंडिकेटरवर ‘विरार’ लागलं, पण केबिन बदललीच नाही.

गाडीची ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण तिचा दुसरा भाग आहे. गाडी एकदाच फिरते. ‘व्हेअर इज द लिफ्ट?’ बरोबर. पण तेच अदबीने विचारायचं, तर ‘कॅन यू टेल मी’ असं पुढे लावतो. त्यात ‘कॅन’ आधीच कर्त्याच्या पुढे येऊन बसलंय, म्हणजे गाडी फिरली. मग आतलं वाक्य सरळच राहतं: ‘कॅन यू टेल मी व्हेअर द लिफ्ट इज?’ तिथे पुन्हा ‘व्हेअर इज द लिफ्ट’ म्हणायचं नाही. नरिमन पॉइंटच्या ऑफिसांत वर्षानुवर्षं इंग्रजी बोलणारेसुद्धा इथे घसरतात, हे मी कान देऊन ऐकलंय.

‘डू’ म्हणजे बदलीवाला

आता खरी अडचण. ‘यू लिव्ह इन भांडुप’ या वाक्यात मदतनीसच नाही. मग पुढे काय आणायचं?

गिरणगावात ज्यांच्या घरातलं कुणी गिरणीत होतं, त्यांना बदलीवाला वेगळा सांगायला नको. कायम कामगाराचा खाडा झाला की त्या दिवसापुरता त्याच्या साच्यावर बदलीवाला लागायचा. पाळी सुरू व्हायच्या आधी ही मंडळी गिरणीच्या दरवाजाशी उभी असत. काम मिळालं तर मिळालं, नाहीतर घरी.

इंग्रजीतलं ‘डू’ हा असा बदलीवाला आहे. वाक्यात मदतनीस हजर असेल तर त्याला कुणी विचारत नाही. मदतनिसाचा खाडा असेल तरच त्याला बोलावतात: ‘डू यू लिव्ह इन भांडुप?’ आणि मोकळ्यात ‘व्हेअर डू यू लिव्ह?’ त्याला स्वतःचा अर्थ काही नाही. तो जागा भरायला आलाय.

पण बदलीवाला आला की त्या दिवसाचं काम त्याच्या अंगावर पडतं. काळाचं ओझं आता ‘डू’ने वाहायचं. ‘ही लिव्हज’ मधला ‘स’ त्याच्याकडे गेला: ‘डज ही लिव्ह?’ ‘ही वेंट’ मधला भूतकाळ त्याच्याकडे गेला: ‘डिड ही गो?’ मूळ क्रियापद रिकाम्या हाताने साधं उभं राहतं. म्हणून ‘डिड यू एट?’ चूक. एकाच साच्यावर, एकाच पाळीला, दोन माणसं लावली तुम्ही.

हा बदलीवाला इंग्रजीतही कायमचा नव्हता. चार-पाचशे वर्षांपूर्वी मूळ क्रियापदच उडी मारून कर्त्याच्या पुढे जायचं. सोळाव्या-सतराव्या शतकात ‘डू’ची चाल वाढत गेली आणि पुढे तोच नियम झाला. ‘व्हॉट से यू?’ हा जुना साचा अजून थट्टेत किंवा भारदस्तपणे ऐकू येतो, तो त्या काळचा अवशेष. तेव्हा ‘डू’ विसरलात तर एवढं ओशाळू नका. इंग्रजांच्या खापरपणज्यांनीही त्याच्याशिवाय बरीच वर्षं काढली.

एकच जागा अशी आहे जिथे मदतनिसाचा खाडा असूनही बदलीवाल्याला बोलवत नाहीत. ‘हू कॉल्ड यू?’ म्हणजे ‘तुम्हाला फोन कुणी केला?’ इथे ‘हू’ स्वतःच कर्ता आहे आणि आधीपासून पहिल्या जागेवर आहे, त्यामुळे कुणाला हलवायचं कारणच उरत नाही. ‘हू डिड यू कॉल?’ म्हणजे ‘तुम्ही फोन कुणाला केलात?’ इथे कर्ता ‘यू’ आहे, म्हणून ‘डिड’ लागलं. मराठीत ‘कुणी’ आणि ‘कुणाला’ यांतला फरक प्रत्यय सांगतो. बोलण्यातल्या इंग्रजीत ‘हू’चं रूप बहुधा तेच राहतं, म्हणून तो फरक ‘डिड’ असण्या-नसण्यातून कळतो. वर्गातल्या एसी दुरुस्त करणाऱ्या मुलाचा या दोन वाक्यांमुळे एक कॉल वाया गेला होता. ‘तक्रार कुणी केली?’ हे त्याला विचारायचं होतं. गिऱ्हाईक सांगत बसलं की तक्रार कुणाकडे केली.

‘कोण’ आणि ‘हू’ एकाच घरचे

प्रश्नशब्द पाठ करायचा कंटाळा येतो म्हणणाऱ्यांना मी एक जुनी ओळख करून देते. मराठीचे प्रश्नशब्द बघा: कोण, काय, कुठे, कधी, कसा, किती, का. सगळे ‘क’चे. इंग्रजीचे बघा: हू, व्हॉट, व्हेअर, व्हेन, व्हाय, विच. स्पेलिंग बघाल तर सगळे ‘डब्ल्यूएच’चे. हा योगायोग नाही. संस्कृतात कः, किम्, कुत्र, कदा; लॅटिनमध्ये क्विस, क्विद; सगळ्यांचा मूळ पुरुष एक, आणि त्याच्या सुरुवातीला ‘क्व’सारखा ध्वनी होता. इंग्रजीच्या पूर्वजांकडे जाताना ‘क’चा ‘ह’ झाला. जुन्या इंग्रजीत ‘व्हॉट’ हा ‘ह्वॅत’ होता. ‘हाऊ’ही त्याच घरातला, त्याचा ‘डब्ल्यू’ तेवढा वाटेत गळला. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एका मुळातून निघाल्या असाव्यात, असं सर विल्यम जोन्स या न्यायाधीशाने १७८६ साली कलकत्त्यात भाषणात म्हटलं, आणि ‘क’चा ‘ह’ कसा होतो याचा नियम याकोब ग्रिम या जर्मन भाषातज्ज्ञाने १८२२ मध्ये मांडला. कोण आणि हू चुलत भावंडं आहेत, दूरची, पण आहेत.

एका शब्दापुरते आपण श्रीमंत. ‘कितवा’ला इंग्रजीत एका शब्दाचा जोडीदार नाही. ‘तुमचा नंबर कितवा?’ हे विचारायला इंग्रज वाक्य वळवून घेतो: ‘व्हॉट इज युअर नंबर इन द क्यू?’ इथे शब्दाला शब्द शोधायला गेलात तर अडकाल. काय हवंय ते बघायचं आणि साधं विचारायचं.

‘पण “यू आर कमिंग?” म्हटलं तरी कळतं की!’

हा आक्षेप दर बॅचला येतो आणि तो खोटा नाही. विधान म्हणायचं आणि शेवटी सूर वर न्यायचा, असं इंग्रजसुद्धा करतात. ‘यू आर कमिंग?’ ही त्यांच्याकडे चूक मानत नाहीत. साधारणपणे इंग्रजीत बंद प्रश्नाचा सूर शेवटी वर जातो आणि मोकळ्याचा खाली येतो, त्यामुळे सुरावर बरंच भागतं.

पण असा प्रश्न निरागस नसतो. ‘यू आर फास्टिंग?’ म्हणजे ‘तुम्ही उपाशीपोटी आहात ना?’ त्यात ‘हो’ आधीच भरून ठेवलेलं असतं. समोरचा घाईत असेल, बुजलेला असेल, इंग्रजी अर्धवट समजणारा असेल, तर तो मान हलवून मोकळा होतो. कोर्टात अशा प्रश्नाला सूचक प्रश्न म्हणतात: ज्यातून विचारणाऱ्याला हवं असलेलं उत्तर सुचवलं जातं. आपल्याच साक्षीदाराच्या सरतपासणीत समोरच्या बाजूने हरकत घेतली, तर न्यायालयाच्या परवानगीशिवाय तसा प्रश्न विचारता येत नाही, उलटतपासणीत येतो. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात हे होतं आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. कायद्याला दीडशे वर्षं जे कळतंय ते लॅबच्या काउंटरवरही खरं आहे.

तर ‘यू आर कमिंग?’ मित्राला खुशाल म्हणा. जिथे उत्तर खरंच माहीत नाही आणि चुकलं तर महागात पडेल, तिथे उत्तर सुचवू नका.

‘मग नेहमी मोकळेच प्रश्न विचारायचे ना?’

नाही. मुलाखतीचे धडे देणाऱ्यांनी मोकळ्या प्रश्नांना उगाच देव्हाऱ्यात बसवलंय. संध्याकाळी सहाला दादरच्या प्लॅटफॉर्मवर गाडी सुटत असताना दारातल्या माणसाला ‘ही गाडी कुठे कुठे थांबते?’ विचाराल तर तो उत्तर देईपर्यंत गाडी माटुंग्याला पोचेल. तिथे ‘कुर्ला थांबते?’ एवढंच. छातीत कळ आलेल्या माणसाला ‘तुम्हाला एकंदर कसं वाटतंय?’ विचारून चालत नाही. वेळ कमी, धोका जास्त, किंवा ऐकलेली गोष्ट पक्की करायची असेल तर बंद प्रश्नच हवा.

दोघांचा क्रम लावला की गंमत येते. ताईसाठी आम्ही फळ्यावर लिहिलं ते असं. आधी मोकळा: ‘व्हॉट डिड यू लास्ट ईट ऑर ड्रिंक?’ मग अरुंद: ‘व्हॉट टाइम वॉज दॅट?’ मग खिळा ठोकायला बंद: ‘डिड यू हॅव एनी टी ऑर कॉफी आफ्टर दॅट?’ शेवटच्यात चहा-कॉफीचं नाव मुद्दाम घेतलंय, कारण लोकांना चहा आठवत नाही.

नावाच्या बाबतीत मात्र तिला हे आधीच शिकवलेलं होतं. रक्त घेताना ‘तुम्ही अमुक तमुक ना?’ असं विचारायचं नाही, पेशंटलाच पूर्ण नाव सांगायला लावायचं. ऐकायला कमी येणारा माणूस कुठल्याही नावाला ‘हो’ म्हणतो, आणि मग नळीवर दुसऱ्याचं नाव चिकटतं. ‘‘म्हणजे नावाला मोकळा प्रश्न मी विचारतच होते की,’’ ती म्हणाली. ‘‘खाण्याला बंद का विचारला मग?’’ मराठीत आपण तसंच विचारतो, म्हणून. दुसरं काही नाही.

मोकळ्या प्रश्नांतही ‘व्हाय’ जपून. ‘व्हाय डिड यू लीव्ह द जॉब?’ यात जाब विचारल्याचा वास येतो, जसा आपल्या ‘का सोडलीस नोकरी?’ मध्ये येतो. ‘व्हॉट मेड यू लीव्ह?’ म्हटलं तर माणूस गोष्ट सांगतो. सरकारी कार्यालयाला माहितीच्या अधिकारात ‘अमुक का केलं नाही?’ विचारून कारणमीमांसा मागता येत नाही, नोंदीत असलेली माहितीच मागता येते, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये सांगितलं होतं. तिथेही ‘का’ सोडून ‘कोणत्या आदेशाने?’ असं विचारणारा जास्त पदरात पाडून घेतो.

‘हो, नाहीये’ म्हटलं तर काय बिघडलं?

बरंच. ‘तुमच्याकडे रिपोर्ट नाहीये का?’ यावर आपण बिनदिक्कत म्हणतो, ‘हो, नाहीये.’ आपला ‘हो’ समोरच्याच्या म्हणण्याला असतो: तुम्ही म्हणता ते खरं. इंग्रजीत ‘येस’ किंवा ‘नो’ वस्तुस्थितीला असतं. ‘डोंट यू हॅव द रिपोर्ट?’ याला रिपोर्ट नसेल तर ‘नो, आय डोंट’, असेल तर ‘येस, आय डू’. प्रश्न सरळ असो की नकारार्थी, उत्तर बदलत नाही. आपण नुसतं ‘येस’ म्हटलं तर समोरचा रिपोर्टची वाट बघत बसतो.

‘डू यू माइंड इफ आय सिट हिअर?’ ही त्याहून मोठी खोच. ‘मी इथे बसलो तर तुमची हरकत आहे का?’ असा तो प्रश्न, म्हणून बसू द्यायचं तर उत्तर ‘नो’. आपण सौजन्याने ‘येस, येस’ म्हणतो आणि माणूस उभाच राहतो. शंका आली की ‘प्लीज सिट’ म्हणा आणि सुटा. जिथे आपणच विचारणारे आहोत, तिथे नकारार्थी प्रश्न मुळात टाळलेला बरा.

‘आम्हाला असं खोदून विचारायची सवय नाही’

हे वर्गातले निवृत्त पोस्टमन काका म्हणाले, आणि याचं उत्तर व्याकरणात नाही. बाहेर पडणाऱ्याला ‘कुठे?’ म्हणून विचारू नये, काम होत नाही, असं आपल्या घरांत शिकवतात. मग माणसं ‘लांब निघालात वाटतं?’ असं विचारतात. मोकळ्या प्रश्नाला बंद कपडे घातले की तो सभ्य होतो, ही आपली रीत, आणि ती वाईट नाही. शिवाय ‘उलट प्रश्न विचारू नकोस’ हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय.

इंग्रजीतही अदब आहे, फक्त ती प्रश्न गिळून दाखवत नाहीत, गुंडाळून दाखवतात. ‘कुड यू टेल मी...’, ‘मे आय आस्क...’ अशी पुडी बांधली की आत कितीही नेमका प्रश्न ठेवता येतो. उलट, मराठीत सहज खपणारे ‘पगार किती?’, ‘लग्न झालं का?’ हे प्रश्न नुकत्या ओळख झालेल्या माणसाला इंग्रजीत विचारले तर तो आखडतो. त्यांच्या ‘हाऊ आर यू?’चंही तेच. तो आपला ‘कसं काय?’ आहे. त्यावर गुडघेदुखी सांगायची नसते. काकांनी एकदा सांगितली होती.

सरावाला लोकल पुरते

पुस्तक नको. एक साधं वाक्य घ्या: ‘शी बॉट टू किलोज ऑफ मँगोज इन वाशी यस्टरडे.’ याचे पाच-सहा प्रश्न निघतात. ‘हू बॉट देम?’ इथे बदलीवाला नाही. ‘व्हॉट डिड शी बाय?’, ‘व्हेअर डिड शी बाय देम?’, ‘व्हेन...’, ‘हाऊ मेनी किलोज...’ इथे सगळीकडे आहे. मग त्यातला एक अदबीत गुंडाळा: ‘डू यू नो व्हेअर शी बॉट देम?’ इथे आतला ‘डिड’ पुन्हा गळतो आणि ‘बॉट’ परत येतं. भायखळा ते घाटकोपर एवढ्यात होतं. पुटपुटत केलंत तरी शेजारचा फोनमध्येच असतो.

गेल्या महिन्यात ताईने रात्री व्हॉइस मेसेज पाठवला. बिलावरून कुणी पेशंट तिला म्हणाला होता, ‘‘हाऊ कम इट्स सो एक्स्पेन्सिव्ह?’’ तिचं म्हणणं असं: ‘‘मॅडम, ‘हाऊ’ प्रश्नशब्द आहे. मग ‘इज’ पुढे का नाही आलं? तो माणूस तर चांगलं इंग्रजी बोलत होता.’’

मी लिहून पाठवलं की ‘हाऊ कम’ हा एका लांब प्रश्नाचा उरलेला तुकडा आहे; ‘हे असं कसं काय आलं की...’ अशा वळणाचा. खरा प्रश्न त्या दोन शब्दांतच संपतो आणि पुढचं वाक्य त्याच्या पोटात येतं.

दोन निळ्या रेघा आल्या. थोड्या वेळाने तिचा मेसेज आला, ‘‘म्हणजे गाडी आधीच फिरलीय का?’’